माहितीपुस्तिकेचं पान एकतीस

खोटं कशाला बोलू, प्रोग्राम लिहायला मला जेवढं आवडतं, तेवढंच तो कसा वापरायचा हे लिहायचं माझ्या जिवावर येतं. त्यातून हा प्रोग्राम ग्रंथालयाचा, सात वर्षं चालू असलेला. आणि ग्रंथपाल कोण? माझ्या सासूबाई! आज बारापर्यंत माहितीपुस्तिका आली नाही तर दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम घेऊ, असं त्यांनी मला ठणकावलं होतं.

त्या माझ्यावर सहा वर्षं नाराज आहेत. सासरे जिन्यावरून पडले तेव्हा दवाखान्यात मी सगळ्यांत शेवटी पोचलो. "काम आटपून निवांत आले," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. अहो, घाईघाईत मी भलत्याच दवाखान्यात गेलो होतो! कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण विश्वास ठेवतील तर शपथ. फार लागलंय ते मला.

तर, साडेअकराला मी अख्खा प्रोग्राम एआयच्या हवाली केला आणि म्हटलं, लिही बाबा. चार मिनिटांत बेचाळीस पानं! एक ओळही न वाचता मी ती पाठवली आणि निवांत चहा घेतला.

एक वाजता फोन. "जावईबापू, जरा येऊन जा." जावईबापू म्हटलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. निघण्याआधी पानं चाळली आणि मला दरदरून घाम फुटला.

त्याचं असं आहे, प्रोग्राम लिहिताना आम्ही मधेमधे स्वतःसाठी टिपा लिहितो. कॉम्प्युटर त्या सोडून पुढे जातो, म्हणून मी तिथे खुशाल मन मोकळं करतो. या शहाण्याने त्या एकूण एक वाचून, सभ्य भाषेत पुस्तिकेत घातल्या होत्या!

सासूबाई लाल पेन्सिल घेऊन बसल्याच होत्या. "पान नऊ. 'ही यादी हळू उघडते, कारण ग्राहक दर आठवड्याला मत बदलतो. ग्राहक सासूबाई असल्याने प्रोग्रामरला बोलायची सोय नाही.'"

"अहो आई, ते यंत्राने..."

"यंत्राला सासू आहे का?"

पान चौदा, पान बावीस, पेन्सिल धडाधड खोडत चालली होती. एकतिसाव्या पानावर ती थांबली. या वेळी त्यांनी हळू वाचलं.

"'पुस्तक राखून ठेवायची सोय अपूर्ण आहे. दुपारी दोन दहाला सासरे पडल्याचा फोन येताच प्रोग्रामर अर्धी ओळ तशीच टाकून निघाला. ते हिंडूफिरू लागेपर्यंत त्याचं कामात लक्ष लागलं नाही.'"

त्यांनी पान खाली ठेवलं. "फोन मीच केला होता. दोन दहालाच."

"हो."

"म्हणजे तुम्ही लगेच निघालात."

"तेच तर सहा वर्षं सांगतोय, आई!" माझा आवाज चढला. चढणारच की.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चुकलं माझं," म्हणाल्या.

मला एकदम भरून आलं. नशीब, जेवणाची सुट्टी होती, आजूबाजूला कुणी नव्हतं.

"सोय उद्याच पूर्ण करतो," मी म्हणालो, "आणि तो मजकूर काढून टाकतो."

"सोय पूर्ण करा. मजकूर राहू द्या."

"अहो, पण वाचकांना त्याचं काय?"

"वाचकांना काही नसेल. मला आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या पानाखाली त्यांनी 'मंजूर' लिहिलं.