पहिल्या नावाचा मान

आमच्या ह्यांचं नाव मी घेणार नाही. गावात सगळे मास्तर म्हणतात, तेच चालेल. देऊळगाव राजाच्या शाळेत ते सृष्टिविज्ञान शिकवत आणि घरी अंगणभर निवडुंग आणि असलीच काटेरी झाडं पाळत. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्याचे डेप्युटी साहेब तपासणीला आले, की शाळा राहायची बाजूला, आधी आमचं अंगण बघायचं. मास्तर एकेका कुंडीपाशी उभे राहून नावं घेत. केरेउस. अगावे. एखिनोकाक्टुस. साहेब लोक 'सीरियस' म्हणतात ते चूक, लॅटिनात 'के' म्हणायचं, हे सांगताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा, की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

केरेउस म्हणजे मेणबत्ती. अगावे म्हणजे थोर, मानाची. आपण जिला घायपात म्हणून बांधावर ढकलतो, ती म्हणे मानाची! मामिलारियाचा अर्थ विचारला तर मास्तरांचे कान लाल झाले आणि नजर माझ्या पदराकडे गेली. काय तो मी समजले. तेव्हापासून त्या गोल गरगरीत बयेला मी पाण्याचा थेंब घातला नाही. निवडुंगच तो, उलट माजला.

मला मात्र नुसतं "ऐकलं का". लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ह्यांना ठसका लागला होता, तो अजून गेला नव्हता. परक्या मुलखातल्या काट्यांची नावं तोंडपाठ, आणि बायकोचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. त्या काटेरी सवतींवर मी जळत होते, अगदी उघड जळत होते.

एकदा नागपूरहून नवं पुस्तक आलं आणि मास्तर जेवेनात. कुण्या साहेबाने एका केरेउसचं नाव बदललं होतं.

"ज्यानं पहिलं नाव ठेवलं त्याचा मान," ते म्हणाले. "मागून येनाऱ्यानं काऊन बदलावं?"

"माहं नाही बदललं?" मी म्हटलं. "तुमीच ताटातल्या तांदळावर आंगठीनं सरस्वती लिवलं. तवा कोनी जेवन सोडलं नाही!"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. पानावर येऊन बसले.

पुढे चिखलीला माझ्या नणंदेच्या, झुंबरबाईंच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. बाई दारात आडव्या. नाव घेतल्याबिगर जोडप्याला आत सोडायचं नाही. मी माझा उखाणा झटक्यात उरकला. मग मास्तर. मी ठसक्याची वाट बघत होते, तर हे खणखणीत म्हणाले,

"केरेउस उभी दाराला, काटे तिच्या अंगाला,
कोकिळेचं नाव घेतो, पहिल्या नावाच्या मानाला."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. झुंबरबाईंनी कमरेवर हात ठेवले. "काऊन रे, हे कोकिळा कोन व्हय?"

"ते मीच, बाई," मी म्हटलं. "माह्या माहेरी, बीबी गावाले, मायबापानं ठेवलेलं नाव हाय."

हशा झाला, वाट मिळाली. सगळ्या मला चिडवत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी कोणाशी हसले नाही.

परतीला दमणीत बसलो. बैल चालू लागले तसं मी तोंड उघडलं.

"त्या पोरीले इतके वर्सं मनात ठेवलं व्हतं?"

"पहिलं नाव खरं असते," मास्तर खुशीत होते. "तुले आवडलं नाही?"

"त्या पोरीनं तुमच्या घरी एक भाकर तरी थापली का? तुमच्या मायचं दुखनं कोनं काढलं? लेकरं कोनाले झाले? समदं केलं सरस्वतीनं, आन् मान कोकिळेले!"

मास्तरांची खुशी उतरली. मग गाडीवान पुढे बसलेला असतानाच, वर्गात नवं नाव शिकवताना तोडून तोडून म्हणत तसं म्हणाले, "सर... स्वती."

"पुन्हा म्हना," मी म्हटलं.