कौलांसारख्या ओळी

या, असे जवळ सरकून बसा, एका भावाची गोष्ट ऐका. त्याची गायिका बहीण देवाघरी गेली आणि तिची गाणी चार हार्ड डिस्कच्या एका पेटीत उरली. त्यातली एक डिस्क बंद पडली. उरलेल्या तिन्हींवरून चौथी पुन्हा भरता येते, म्हणून त्याने घाईघाईने नवी बसवली. पेटी कित्येक दिवस रखडली आणि शेवटी तिने नवी डिस्क नाकारली.

तो दुरुस्तीवाल्या मामांकडे धावला.

"अरे, ही नवी डिस्क कौलांसारखी लिहिते! एका ओळीवर दुसरीची कड चढलेली. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहायच्या. नुसतं साठवून ठेवायला ठीक, पण पेटीला सुट्या ओळींची लागते. काय बघून घेतलीस?"

"जागा जास्त होती, मामा."

"संसार थाटायचा होता का तिच्यात?"

मामांनी सुट्या ओळींची डिस्क लावली. पण आधीच्या रखडपट्टीने दमलेली एक जुनी डिस्क भरणं निम्म्यावर असतानाच टकटकू लागली.

"देवा, एक गाणं तरी राहू दे!"

टकटक थांबली. मामांनी नकारार्थी मान हलवली. "गेली. आता उरलेल्या दोन्हींवरून काहीच परत भरता येत नाही."

भावाला तिचं एकच गाणं पाठ होतं. तिथेच, रडत, बेसूर गळ्याने त्याने ते म्हटलं. तुम्हीही कधी गुणगुणलात, तर त्या बहिणीची आठवण काढा.