हुंकाराएवढी जागा

माझ्या डब्यात अठ्ठावीस वर्षे एक पत्र पडून होते. ज्यांना ते आले त्यांनी तेवढ्या काळात त्याचे उत्तर दिले नाही. पत्र माझ्याच पाठीखाली घडी घालून ठेवलेले, म्हणून त्याविषयी मी अधिकाराने बोलू शकतो.

मित्रांनो, मी आवाज टिपणारा माइक आहे. अंग काळे, जाळी पितळी, डाव्या गालावर एक पोचा. मुक्काम नांदेड. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात; पण आमच्या गल्लीत माझ्याइतके लक्ष देऊन ऐकणारे दुसरे कोणी नाही, हे खरे आहे.

माझा जन्म हैदराबादच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे. ते गंगम्मा नावाच्या बाईंनी गुंडाळले. त्या तेलुगूत एकेक वेढा मोजत. मध्येच कोणी बोलले, तर गुंडाळलेली तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. मला बोलण्याच्या मध्ये मध्ये करणारी माणसे आवडत नाहीत, ते बहुधा तेव्हापासूनच. वेटोळ्यावर त्यांनी एक पातळ पडदा बसवला. कोणी जवळ येऊन बोलले की तो पडदा थरथरतो, त्याबरोबर वेटोळे थरथरते आणि आवाज तारेतून पुढे जातो. जवळचे ऐकायचे आणि लांबचे सोडून द्यायचे, हा माझा स्वभाव आहे.

नांदेडच्या रियाजभाईंनी मला विकत आणले. कॅसेट भरून देण्याचे त्यांचे दुकान होते. आतल्या खोलीच्या भिंतींना त्यांनी जुन्या गोधड्या टांगल्या होत्या, रस्त्यावरच्या ऑटोंचा आवाज आत येऊ नये म्हणून. चपलांच्या सेलच्या जाहिराती, सर्कशीच्या वेळा, हरवलेल्या म्हशीचे वर्णन, सगळे माझ्यातून गेले. काम संपले की रियाजभाई मला मऊ फडक्याने पुसून लाकडी डब्यात ठेवत.

मग १९९३ साल आले. सप्टेंबरची शेवटची पहाट होती. मी डब्यात होतो, माझी वायर काढलेली होती, तरी माझा पडदा हलला. थरथर ओळखणे हा माझा धंदा. पण इतक्या खोलातून आलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. उजाडल्यावर कळले की लातूरकडची गावेच्या गावे दगडमातीखाली गेली.

पुढच्या वर्षी एका संस्थेने रियाजभाईंना काम दिले. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांना न पडणारे घर बांधायला शिकवायचे होते. त्यासाठी बारा कॅसेट हव्या होत्या. मजकूर लिहिला अहमदपूरच्या वाचनालयातल्या शेषेरावांनी. ते अतिशय लाजाळू गृहस्थ होते. वाचायला कोणी मिळेना, तेव्हा रियाजभाईंनी त्यांनाच माझ्यासमोर बसवले.

शेषेरावांचा आवाज चांगला होता, माठातल्या पाण्यासारखा. पण आपले बोलणे ऐकून समोरचा कंटाळेल अशी त्यांना सतत भीती वाटे, आणि त्या भीतीपायी ते पळत. ‘दारे-खिडक्यांच्या वरून सिमेंटचा सलग पट्टा घ्यावा. समजले का? यानंतर कोपऱ्यांकडे वळू.’ हे सगळे एका दमात.

‘‘सर, मागं कुत्रं लागलंय का?’’ रियाजभाई विचारत.

शेषेराव ओशाळून हसत आणि पुढचे पान आणखी वेगाने वाचत.

कॅसेटच्या वेष्टनावर दुकानाचा पत्ता होता. एके दिवशी त्या पत्त्यावर पत्र आले. रियाजभाईंनी ते मोठ्याने वाचले. एकदा ऐकलेले मी विसरत नाही.

‘गुरुजीस नीलाबाईचा नमस्कार. तुमची कॅसेट आमच्या शेडात रोज लागते. पट्टा कळला. कोपरा बी कळला. पण तुमी इचारता समजलं का, आन् आमी हाव म्हणायच्या आत पुढं निघून जाता. मशीन बंद करावं तर हाताला सिमिट. त्या सिमिटानं बटण बसून गेलं. आमच्यात कुणी गोष्ट सांगून राहिला तर ऐकणारा हुंकार देतो, तवा सांगणारा पुढं जातो. तुमाला हुंकार द्यायला तिथं कुणी न्हाई काय? नसंल तर मी येऊन बसते. घर बांधून राहिले. उत्तर द्या.’

खाली औसा तालुक्यातल्या एका गावाचे नाव होते.

रियाजभाई खूप हसले. शेषेराव हसले नाहीत. त्यांनी तिथेच कागद घेतला आणि मायना लिहिला, ‘सौ. नीलाबाई’. मग थांबले. त्या गावात भूकंपानंतर कोणत्या बाईला सौ. लिहावे आणि कोणत्या बाईला श्रीमती, हे नांदेडला बसून कोण सांगणार? चुकीचा शब्द गेला तर तो तिला किती लागेल? त्यांनी ‘सौ.’ खोडले. ‘श्रीमती’ लिहिले. तेही खोडले.

‘‘भाई, घरी जाऊन नीट लिहितो. तोवर हे इथं असू द्या,’’ म्हणून त्यांनी पत्र माझ्या डब्यात ठेवले. बाराही कॅसेट भरून झाल्या होत्या; दुरुस्त करायची सोय नव्हती. पुढे कधी ते नांदेडला आले की रियाजभाई विचारत, ‘‘गेलं का पत्र?’’

‘‘मायना अडलाय.’’

‘‘सर, मायन्यातच म्हातारे व्हाल तुम्ही.’’

आणि तसेच झाले.

कॅसेटचे दिवस गेले. लातुरात शिकवण्यांचे दिवस आले. रियाजभाईंनी मला तिथल्या एका क्लासला भाड्याने दिले. चारशे मुलांचा हॉल, खडूची धूळ आणि सरांचे तारसप्तक. सर रोज येऊन माझ्या तोंडावर बोटाने टकटक करत, वर फुंकर मारत. मुले शेवटच्या बाकावरूनही शब्द टिपून घेत, याचा मला अभिमान वाटे. पण एकदा घाईत कोणी तरी मला वायर धरून ओढले. मी टेबलावरून पडलो आणि गालावर पोचा आला. त्याच महिन्यात सरांच्या शर्टाला लावायचा बोटाएवढा नवा माइक आला. मी नांदेडला परतलो, माझ्या डब्यात, त्या पत्रावर. डबा माळ्यावर गेला. रियाजभाई पुढे आजारी पडले, दोन वर्षे अंथरुणात होते आणि मग गेले. मला पुसायला कोणी आले नाही.

मला माळ्यावरून खाली काढले ते त्यांच्या मुलीने, अर्शीने. तेव्हा शिकवण्या मोबाइलवर आल्या होत्या आणि अर्शी त्याच गोधड्यांच्या खोलीत ऑनलाइन प्रशिक्षणाचे धडे ध्वनिमुद्रित करून देत होती. तिच्याकडे महागडा नवा माइक होता. पण तो इतका हुशार, की रस्त्यावरचा ऑटो, शेजारच्यांचा मिक्सर, सगळेच टिपायचा. तिने माझी जाळी ब्रशने साफ केली, वायर बदलली आणि मला स्टँडवर लावले. दोन वाक्ये ऐकून ती म्हणाली, ‘‘अब्बू खरंच म्हणायचे. हा फक्त समोरच्याचं ऐकतो.’’

तिच्या हातात तेव्हा मोठे काम होते. घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बायकांसाठी वीस धडे. पहिला धडा भोकरच्या बारा बायकांना ऐकवून पाहायचा आणि त्यांनी पसंत केला तरच पुढचे काम, असे ठरले होते. तिने एका भारदस्त आवाजाच्या कलाकाराकडून तो वाचून घेतला. बायकांनी तीन मिनिटांत मोबाइल खाली ठेवले. त्यांच्यातल्या साखराबाई म्हणाल्या, ‘‘बातम्या लागल्यावानी वाटतंय. आपण काय करावं त्याचं?’’

संस्थेने कळवले, आठ दिवसांत दुसरा आवाज द्या, नाही तर वीसही धडे संगणकाच्या आवाजात करून घेऊ. संगणकाचा तो नमुना मी ऐकला. उच्चार स्वच्छ होते. पण त्या आवाजाला श्वास नव्हता, आणि ज्याला दम लागत नाही तो थांबणार कशासाठी?

अर्शीने वडिलांच्या जुन्या कॅसेट काढल्या, माठातल्या पाण्याचा आवाज ऐकला आणि अहमदपूरला फोन केला. शेषेराव शहात्तर वर्षांचे झाले होते. ते एसटीने आले. मला पाहून त्यांनी चष्मा पुसला.

पण माणूस तोच. ‘रुग्णास डाव्या कुशीवर वळवावे. समजले का? यानंतर उशीकडे लक्ष द्यावे.’ अर्शीने मुद्रण परत ऐकवले, तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, ‘‘हाच तो पळणारा माणूस. बाळ, माझ्याच्यानं होणार नाही. संगणकालाच द्या. पाचची एसटी मिळंल मला.’’

उरलेल्या चार दिवसांत दुसरा आवाज कुठून आणायचा, हे अर्शीलाही ठाऊक नव्हते. शेषेरावांनी रियाजभाई पुसत तसे मला पुसले आणि ठेवायला डबा उघडला. तळाशी पत्र होते.

ते त्यांनी उभ्यानेच वाचले, ओठ हलवत. मग शेवटच्या ओळी पुन्हा एकदा, मोठ्याने. ‘‘तुमाला हुंकार द्यायला तिथं कुणी न्हाई काय?’’

‘‘काय, सर?’’ अर्शीने विचारले.

‘‘समोर कोणी तरी बसायला पाहिजे. कोण आहे घरात?’’

घरात अर्शीच्या आई होत्या, सुलतानबी. त्या गुडघे धरत आल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

‘‘भाभी, मी वाचतो. कळलं की हुंकार द्या. पण तोंडानं नको, नाही तर मुद्रणात येईल. मानेनं द्या.’’

‘‘आन् नाही कळलं तर?’’

‘‘तर देऊ नका.’’

शेषेराव वाचू लागले. ‘‘रुग्णास डाव्या कुशीवर वळवावे.’’ त्यांनी वर पाहिले. सुलतानबींची मान हलली नाही.

‘‘पेशंटला डाव्या कुशीवर वळवा.’’ मान तशीच.

‘‘भाभी, काय अडलं?’’

‘‘वळवा म्हणजे? गोणी हाय का ती?’’ सुलतानबी म्हणाल्या. ‘‘आधी त्या माणसाला सांगायचं नाही का? अर्शीच्या अब्बूंना मी दोन वर्षं करवट बदलून दिली. न सांगता हात लावला की घाबरून कडक व्हायचे. मग कुणाच्या बापाला हलत नव्हते.’’

शेषेरावांनी कागद पालथा ठेवला. आजवर मी त्यांना असे करताना पाहिले नव्हते. कागदामागे लपलेला त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच नीट समोर मिळाला.

‘‘आधी त्यांना सांगा, आजोबा, आता तुम्हाला कुशीवर वळवते. सांगितलं?’’

ते थांबले. सुलतानबी मनाशी कुठे तरी जाऊन आल्या आणि त्यांची मान हलली.

‘‘आता एक हात खांद्याखाली घाला. एक कमरेखाली. गेले हात?’’

थांबले. मान हलली.

‘‘हळूच आपल्याकडं ओढा. घाई नाही. घाई कुणालाच नाही.’’

‘‘हाव,’’ सुलतानबी भान विसरून बोलल्या आणि चटकन पदर तोंडावर धरला. अर्शी हसली, पण तिने यंत्र थांबवले नाही.

मित्रांनो, आजवर मी हजारो आवाज पकडले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा थांबणे पकडले. शांतता म्हणजे काहीच नसणे, असे मला वाटायचे. ती माझ्या पडद्यावर एवढी भरलेली असते, हे मला माहीत नव्हते.

चार दिवसांनी अर्शी भोकरहून आली. बायका धडा ऐकत असताना तिने मोबाइलवर ते टिपून घेतले होते. ते तिने खोलीत लावले. शेषेरावांचा आवाज आला, ‘गेले हात?’ मग त्यांनी सोडलेली ती मोकळी जागा आली आणि त्या जागेत बारा बायका आपापल्या सुरात म्हणाल्या, ‘हाव.’ सुलतानबींचा तो चुकून राहिलेला ‘हाव’ पुढे आला, तेव्हा साखराबाई म्हणाल्या, ‘‘ही कोण हो? हिला बी आपल्यासंगच शिकवून राहिलेत गुरुजी.’’ वीसही धडे अर्शीला मिळाले. वाचणारे शेषेराव, आणि सुलतानबींची खुर्ची कायम.

त्याच दुपारी शेषेरावांनी एक पोस्टकार्ड मागवले. मायना त्यांनी एका दमात लिहिला, ‘नीलाबाई,’ एवढाच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाईंनी स्वतःचे नाव तसेच लिहिले होते. ते त्यांना आज दिसले. लिहून झाल्यावर त्यांनी कार्ड सुलतानबींना वाचून दाखवले.

‘नीलाबाई, तुमचं बरोबर होतं. मी थांबत नव्हतो. आता हुंकार द्यायला माणूस मिळालं आहे, म्हणून थांबतो. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण माझा भित्रेपणा. तुमचं घर कसं आहे? शेषेराव, अहमदपूर.’

‘कसं आहे?’ म्हटल्यावर ते जरा थांबले.

‘‘गाव आता दुसऱ्या जागी वसलंय, सर,’’ अर्शी म्हणाली. ‘‘अन् त्या असतील की नाही...’’

‘‘असतील नसतील. घर असंल ना,’’ सुलतानबी म्हणाल्या.

मित्रांनो, माझे फार मागणे नाही. माइकवर टकटक करू नका, फुंकर मारू नका, त्याला वायरने ओढू नका. काम झाले की पुसून ठेवा. आणि कोणाला काही विचारलेत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. बोलण्याच्या कामातले ते अर्धे काम आहे. मी जन्मभर तेच करत आलो.

त्या दुपारी माझा डबा दुकानाच्या फळीवर उघडा होता. पत्र निघाल्यामुळे पाठीखाली पोकळ झाले होते. सुलतानबींनी तिथे मऊ फडके घातले. समोर रस्त्यापलीकडे पोस्टाची लाल पेटी. शेषेराव ऑटो चुकवत तिथवर गेले. कार्ड त्यांनी अर्धे आत घातले आणि ते तसेच धरून उभे राहिले. मग त्यांनी वळून दुकानाकडे पाहिले.

दारात सुलतानबी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली.

शेषेरावांनी कार्ड सोडले.