गाऱ्हाणी सांगत पळणारी सून

सून पळणारच असेल, तर निदान जोरात तरी पळावी, असं धुरपताबाईंचं रोखठोक मत होतं. गेल्या साली सविता परभणीच्या हाफ मॅरेथॉनसाठी सराव करायची, तेव्हा लेकाच्या, योगीराजच्या स्कूटीवर मागे बसून म्हातारी देवगाव फाट्यापर्यंत सोबत जायची. फाट्यावरची हॉटेलं दिसली की ओरडायची, "सविता, पळ! लोक बघायलेत!" सवितालाही चेव यायचा. एके दिवशी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. स्पर्धा हुकली, सून पाय धरून बाजेवर बसली आणि धुरपताबाईंच्या घशाखाली घास उतरेना.

यंदा डॉक्टरांनी परवानगी दिली ती एका अटीवर. सरावात लांब पल्ल्याला बोलता येईल इतकंच पळायचं, जोर लावायचा तो फक्त स्पर्धेच्या दिवशी. दम लागून बोलणं तुटलं, की वेग कमी करायचा.

"पण एवढा वेळ बोलू काय?" सविता म्हणाली.

"माझी गाऱ्हाणी सांग," धुरपताबाई म्हणाल्या. "ती काय सरायची न्हाईत."

खरंच सरली नाहीत. चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं करता, मी माहेरचं नाव काढलं की तुमचे गुडघे दुखतात, भाकरी माझी अन् कौतुक नणंदेचं... सविता सावकाश पळत सांगत राही, योगीराज हसू दाबत स्कूटी चालवी आणि म्हातारी मुकाट ऐकून घेई. फक्त पायाबद्दल सविता अवाक्षर काढत नसे. तेच म्हातारीला जास्त लागे.

फाट्यावरच्या महारुद्र हॉटेलवाल्यानं एकदा टिंगल केलीच. "काकू, हिच्यापेक्षा आमची म्हैस बरी पळती की!"

चारचौघं हसली. सविता गप्प झाली आणि तिची पावलं भराभर पडू लागली. धुरपताबाईंचंही डोकं तापलं. जुने शब्द अगदी जिभेवर आले. ते गिळून त्या ओरडल्या, "गप का झालीस? बोल! माझं आनखी काय चुकतंय?"

सविताचा वेग उतरला. "तुमी लय घोरता!"

अख्ख्या फाट्यानं ऐकलं. धुरपताबाई ताठ बसून राहिल्या.

स्पर्धेच्या दिवशी त्या परभणीत शेवटच्या वळणावर उभ्या होत्या. सविता आली. तोंड मिटलेलं, नजर समोर, लंगडणं नावाला नाही. आज वेग आवरायचा नव्हता, ती जीव तोडून पळत होती.

रेघ ओलांडलेल्या सुनेपाशी त्या लगबगीनं गेल्या, गर्दीतच खाली बसल्या आणि तिची नडगी चाचपली. "दुखायलंय का?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग पायाचं गाऱ्हाणं सांगून टाक. तेवढं एकच ठेवलंस."

"त्याचं कशाला? तवा मलाबी हौस व्हती की," सविता धापा टाकत म्हणाली. "उठा आता. लोक बघायलेत."

"बघू दे!" धुरपताबाई मोठ्यानं म्हणाल्या. "माझी सून हाय." आणि तिथंच बसून पाय चोळत राहिल्या.