दुसरी फेरी

सत्तावीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन पाण्याचं मीटर वाचणाऱ्या माणसाला नाव असून उपयोग काय? आतून कोणी "कोण आहे?" विचारलं की ते बाहेरून "मीटर!" म्हणत, आणि दार उघडे. त्यामुळे शहरभर ते मीटरवालेच झाले. बायको तेवढी "अहो" म्हणायची, पण ते काही नाव नव्हे.

कामाची त्यांची एक तऱ्हा होती. झाकण उचलायचं, काचेवरची धूळ अंगठ्याने पुसायची, आकडा वहीत लिहायचा, आणि मग मीटरला कान लावायचा. याची गरज काहीच नव्हती. ऑफिसने असं कुठे सांगितलेलं नव्हतं. पण पाइपातला तो बारीक सुंई आवाज कानात शिरला की मीटरवाल्यांचे डोळे आपोआप मिटत आणि ते अख्खं घर त्यांना दिसू लागे. इथे बाळ आलंय, धुणं वाढलंय. इथली मुलगी परगावी शिकायला गेली, आता तिच्या आंघोळीचं पाणी नाही. इथे नवरा-बायकोचा अबोला आहे, भांडी जरा आपटून घासली जातायत. आता हे खरंच दिसे की उभ्या उभ्या डुलकी लागे, देव जाणे. बायकोचं मत डुलकीच्या बाजूने होतं.

मतं मीटरवाल्यांनाही होती. साध्या माणसाला मतं असतातच हो, त्याला कोणी विचारत नाही एवढंच. त्यांचं म्हणणं असं, की दारं फार वाढली. पूर्वी घराला एक दार असे आणि ते दिवसभर उघडं असे. आता दाराबाहेर जाळीचं दार, त्याला भिंग, भिंगाच्या वर कॅमेरा, आणि घरातच बसलेला माणूस आपल्या दारात कोण उभंय ते फोनमध्ये बघतो. शिवाय सगळ्यांना घाई. घाईघाईने वेळ वाचवायचा आणि तो वाचवलेला वेळ घेऊन सोफ्यावर पडायचं! तक्रार करायची म्हटलं तरी माणूस मिळत नाही. एक दाबा, दोन दाबा, आणि मग एक बाई गोड आवाजात सांगते की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचल की मग, असं मीटरवाले तिला म्हणत. ती पुन्हा तेच सांगे.

ही सगळी मतं ते एकाच ठिकाणी ऐकवत, आत्यांकडे.

आत्या म्हणजे त्यांच्या कोणी नव्हेत. गल्लीच्या टोकाला शेवटचं बैठं घर, मागे छोटंसं अंगण, अंगणात मीटर. अख्खी गल्ली त्यांना आत्या म्हणायची आणि गल्लीतलं कोणी त्यांच्याकडे फिरकायचं नाही. आत्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावून या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. एवढे फोन जोडले, पण स्वतःचा मोबाइल मात्र बंद करून कपाटाच्या खणात टाकलेला. "आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलंय," त्या म्हणत, "आता कानाला सुट्टी."

दर महिन्याच्या दहा तारखेला, अकराच्या सुमारास, मीटरवाले मागच्या अंगणात येत. पायरीवर चहाचे दोन कप बशीने झाकून ठेवलेले असत. मीटरला कान लावून झाला की मीटरवाले खालच्या पायरीवर टेकत आणि बोलत सुटत. घरी हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा, आणि इथे बघावं तर गाडीला ब्रेक नाही. "घरी कोणाशी बोलणार?" ते एकदा म्हणाले होते. "मुलगा फोनमध्ये, सून फोनमध्ये, बायको सिरियलीत. मी घरात शिरलो तर कोणी वर बघत नाही." आत्या डोळे मिटून ऐकत, मधूनच "हं, बोला" म्हणत. एक्स्चेंजची सवय, दुसरं काय.

मग दोन वर्षांपूर्वी बातमी आली, की आता नवी मीटरं बसणार. आपला आकडा ती आपणच ऑफिसात पाठवणार. माणूस फिरवायची गरज नाही. मीटरवाल्यांनी ही बातमी चहाबरोबर आत्यांना सांगितली आणि वर म्हणाले, "आमचं काय, आमची आता गरज संपली."

आणि त्याच महिन्यापासून आत्यांच्या मीटरचं काहीतरी बिनसलं.

ऑफिसचा एक नियम होता. घराचा आकडा मागच्या महिन्याच्या दुप्पट आला, की वाचणाऱ्याने आठ दिवसांत पुन्हा जाऊन खात्री करायची. याला दुसरी फेरी म्हणत. आत्यांचा आकडा एक महिना आड, नेमाने, दुप्पट. मीटरवाले दुसऱ्या फेरीला जात, नळ तपासत, टाकी तपासत. गळती? छे! थेंब नाही. एकदा अंगणात आले तर नळाखालची माती चिखल, नळ मात्र घट्ट बंद, आणि आत्या तोंडावर काही न दाखवता पायरीवर बसलेल्या. तेव्हा मीटरवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारीने नियम हेरलाय. महिन्यात एक फेरी पुरत नाही बिचारीला. दोन घटका कोणी येऊन बसावं म्हणून नळ सोडून ठेवते!

 पाणी वाया जातंय याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. वहीत त्यांनी लिहिलं, "तपासले. सर्व ठीक." बायकोलासुद्धा बोलले नाहीत. आपली कोणीतरी इतकी वाट बघतं, ही गोष्ट ते खिशात जपून ठेवल्यासारखी घेऊन हिंडत राहिले.

शेवटी नवी मीटरं बसली. मीटरवाल्यांची नोकरी गेली नाही. त्यांना ऑफिसात एका पडद्यासमोर खुर्ची मिळाली. शेवटच्या फेरीत ते आत्यांकडे गेले तेव्हा सगळं नीट सांगायचं ठरवून गेले होते. चहा झाला, दारं वाढल्याचं मत पुन्हा सांगून झालं, आणि सांगायची वेळ आली तशी त्यांची जीभच उचलेना. उठले, पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीसारखं म्हणाले, "येतो."

आत्या म्हणाल्या, "या."

रस्त्यावर आल्यावर मीटरवाल्यांनी स्वतःला चांगल्या शिव्या हासडल्या.

पडद्यावर शहर होतं. म्हणजे शहर नव्हे, ठिपके होते. एक घर, एक ठिपका. पाणी चालू झालं की ठिपका निळा, बंद झालं की करडा. दुपारी पंखा घरघरत असे, कोणी कोणाशी बोलत नसे, आणि मीटरवाल्यांचे डोळे जड होत. मग ते पाणी होऊन जात. टाकीतून सुटून काळोख्या गार पाइपातून सरसर वाहत, वळणावर वळत, कुठल्याशा स्वयंपाकघरात नळातून डोकं काढत. कोणी गुणगुणत तांदूळ धुतंय. कोणी तोंड धुता धुता रडून घेतंय, नळ मोठा सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. या सगळ्या बंद दारांच्या आतून एकच पाणी हिंडतंय, त्याला कोणी "कोण आहे?" विचारत नाही. किती बरं वाटे त्यांना! मग मान एकदम खाली पडे आणि समोर पुन्हा ठिपके.

आत्यांचा ठिपका त्यांना पाठ होता. सहाला निळा. आठला निळा. मग संध्याकाळपर्यंत करडा.

दहा तारीख उजाडली. अकराला पाच कमी असताना आत्यांचा ठिपका निळा झाला. थोडंच पाणी, मग करडा. चहाचं आधण, मीटरवाल्यांनी ओळखलं.  सव्वा अकराला ठिपका पुन्हा निळा झाला आणि निळाच राहिला. साडेअकरा. पावणेबारा. पाणी धो धो. मग ठिपका लाल झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली, "गळती. ग्राहकाला संदेश पाठवला आहे."

संदेश! खणातल्या बंद फोनवर!

विभागाच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या त्या, पण नियमाच्या पक्क्या. "अर्धा तास होऊन गेला ना? मग बटण दाबा. इथूनच बंद होतं."

"मॅडम, तिथे एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. बंद केलं तर पुन्हा चालू कधी?"

"त्यांनी अर्ज करायचा. दोन-तीन दिवस लागतात."

मीटरवाल्यांनी बटणाकडे पाहिलं. एवढंसं बटण, नखाएवढं. ते दाबलं की तिकडे अंगणातल्या नळाची धार थांबणार, आणि आत्यांना कळणार की आता कोणी येत नाही, नुसतं पाणी जातं. 

"मॅडम," ते उठत म्हणाले, "दुसरी फेरी करून येतो."

"अहो, दुसरी फेरी आता राहिलीय कुठे?"

"माझी राहिलीय," मीटरवाले म्हणाले, आणि जुनी पिशवी खुंटीवरून ओढून चालू लागले. मॅडम बघत राहिल्या. बटण त्यांनीही दाबलं नाही, हे मात्र सांगायला हवं.

भर बाराच्या उन्हात रस्ता पाण्याखालचा असल्यासारखा हलत होता. मीटरवाले चालत होते की वाहत होते, त्यांचं त्यांना कळत नव्हतं. दोन्ही बाजूंना बंद दारं, दारांना भिंगं. हात सवयीने एकेका दाराकडे जाई आणि परत येई. गल्लीच्या टोकाशी पोचले तेव्हा पाण्याचा आवाज आधी आला. अंगणात तळं झालं होतं, त्यात आभाळ पडलं होतं, आणि आत्या पायरीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेजारी दोन कप, बशीने झाकलेले.

"तास झाला," आत्या म्हणाल्या. "चहाचं पार पाणी झालं."

मीटरवाले चिखलात उभे राहिले. सगळं एकदम तोंडाशी आलं. "आत्या, चुकलं माझं. मागच्या वेळी सांगायला हवं होतं. फेऱ्या बंद झाल्या. मला कळत होतं, तुम्ही नळ का सोडता ते. एकट्या असता, कोणी येत नाही, म्हणून..."

"मी?" आत्यांनी डोळे मोठे केले. "माझ्यासाठी सोडत होते नळ? अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग?"

"तुमच्यासाठी!" आत्या चांगल्याच चिडल्या. "आमच्या एक्स्चेंजमध्ये काय झालं? यंत्रं आली, सगळं बिनबोभाट चालायला लागलं, कोणाची तक्रार नाही. मग साहेब म्हणाले, आता माणसं कशाला? एका दिवसात अठरा बायका घरी. तुम्ही इथे बसून सांगितलंत, गरज संपली म्हणून. म्हटलं, आकडा चुकत राहिला तर माणूस पाठवावाच लागेल. नोकरी टिकेल तुमची. शिवाय घरी तुमच्याशी कोणी बोलत नाही. निदान इथे येऊन बोलून तर जाल! माझं काय अडलंय? मला गप्प बसायला आवडतं."

मीटरवाले मटकन खालच्या पायरीवर बसले. दोन वर्षं ज्या म्हातारीची कीव करत होते, ती दोन वर्षं त्यांचीच कीव करत होती. त्यांना हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. आत्यांनी दुसरीकडे बघितलं.

"नोकरी गेली का?" त्यांनी तिकडेच बघत विचारलं.

"नाही. खुर्चीवर बसवलंय."

"मग झालं की! मेलं उगाच एवढं पाणी घालवलं मी. उठा, बंद करा तो नळ."

मीटरवाले उठले. नळाला हात लावला, पण फिरवेनात. पाणी त्यांच्या बोटांवरून वाहत होतं, गार, मीटरमध्ये ऐकू यायचं तसंच. "आत्या," ते पाठमोरेच म्हणाले, "हे बंद केलं की आकडा बरोबर येणार. मग मी इथे येणार कसा?"

आत्यांनी कपावरची बशी काढली, चहाकडे पाहून नाक मुरडलं आणि तो पुन्हा गरम करायला उठल्या.

"पुढच्या दारातून," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मागून येताय. आणि येताना बायकोला आणा. तुम्ही घरी बोलत का नाही, ते एकदा तिच्या तोंडून ऐकू दे मला."

मीटरवाल्यांनी नळ बंद केला.