आठ बोल्ट, आठ ठिपके

सुधींद्रच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची तो सालटी काढायचा. टॉर्क रेंचनं जोर मोजून शेवटचा पीळ दिला की बोल्टच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका. ठिपका दिसला की झालं, त्या बोल्टला पुन्हा हात लावायचा नाही.

धाकटा भाऊ श्रीहर्ष याच्या रेसच्या गाडीचं इंजिन त्यानं खालून नव्यानं बांधलं होतं. मिनिटाला आठ हजार फेऱ्यांना जुने कनेक्टिंग रॉड टिकेनात, म्हणून घडीव रॉड आणि ते धरून ठेवणारे आठ जाड बोल्ट घातले होते. दोन दिवस गाडी हळूच चालवली होती. आज शेडमागच्या सरळ रस्त्यावर श्रीहर्ष पहिल्यांदा आठ हजारांपर्यंत ताणणार होता.

"स्वल्प, जरा जपून रे!" सुधींद्र ओरडला. गाडी गेली आणि बायको क्षमा डबा घेऊन आली. तो रेंचवरचं सुकलेलं कुंकू पुसत होता.

"पुसता कशाला? आयुधपूजेचं आहे ते. यंदा काही सोडलं नाही बघा. लेथ, पाने, ते उलटं ठेवलेलं इंजिनसुद्धा."

"इंजिनाला कुठं लावलंस?"

"आतल्या बोल्टांना. सहांना तुमचं लाल होतंच, दोन कोरे राहिलेले. बरं दिसेना, म्हणून त्यांनाही बोट लावलं."

सुधींद्रनं रेंच खाली टाकला. पूजेच्या दिवशी भटजी घाई करत होते म्हणून तो सहा आवळून उठला होता. दोन नुसते हातानं फिरवलेले! दुसऱ्या दिवशी आठ ठिपके पाहून त्यानंच खालचं तेलाचं चेंबर बंद केलं होतं. अरे गाढवा, एकदा रेंच लावून बघायला काय धाड भरली होती!

तो धावत सुटला. त्या वेगात रॉड सुटला तर इंजिन फोडून बाहेर येईल, तेल चाकाखाली जाईल, आणि मग पोराचं काय उरणार? तो रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. समोरून आवाज चढत होता. पाच हजार. सहा. त्याच्या कानांना कळत होतं.

"थांब रे, थांब!"

ब्रेक किंचाळले. गाडी चार हातांवर थांबली.

"अण्णा, वेड लागलंय का? मेला असतास!"

"इंजिन बंद कर."

गाडी ढकलत आणली, वाटेत सुधींद्रनं कुंकवाचं सांगितलं, मग चेंबर उतरवलं. श्रीहर्ष अजून धुसफुसत होता. सहा बोल्टांवर रंग शाबूत होता, दोन कोरे. कुंकू तेलात धुऊन गेलेलं. सुधींद्रनं एकाला दोन बोटं लावली. तो फिरला.

क्षमा पदरात तोंड लपवून रडू लागली. श्रीहर्षनं कपाटातून ठिपक्यांसाठी निळ्या रंगाचा डबा काढून आणला.

"वहिनी, आता ठिपका निळा. निळं कुंकू नाही ना तुझ्याकडे?"

"नाही रे बाबा," ती डोळे पुसत म्हणाली.

सुधींद्रनं दोन नवे बोल्ट घालून आवळले. मग उरलेल्या सहांवरही, ठिपके असूनसुद्धा, एकेक करून रेंच फिरवला.