दारावरची टकटक

न्यायशास्त्र, म्हणजे जुनं भारतीय तर्कशास्त्र, शिकवणाऱ्या विभागात माणसं उरली होती दोनच: विभागप्रमुख बाई आणि परंतुसर. सरांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. 'परंतु'शिवाय त्यांचं तोंडच उघडायचं नाही.

टेबलावर कार्यालयाचं पत्र होतं. आज पाचपर्यंत एक तरी प्रवेश झाला नाही, तर विभागाला कुलूप. अर्ज आला होता एकुलता एक, पोस्टातल्या एका कारकून मुलीचा. तिला चारला बोलावलं होतं, आणि बाईंनी तिची खुर्ची सकाळपासून तीनदा पुसली होती.

चारला दारावर टकटक झाली.

"आली एकदाची!" बाई धावल्याच.

"परंतु," सर म्हणाले, "टकटक झाली म्हणजे माणूसच आला, हे कशावरून?"

बाईंचा हात कडीवर होता. नुसती ओढायची! पण तीस वर्षं तर्क शिकवलेल्या बाईला असं डिवचलं की संपलंच. त्या गर्रकन वळल्या. "जिथे टकटक, तिथे माणूस!"

"परंतु सुतारपक्षी?"

"दुसऱ्या मजल्यावर? अहो, उघडूनच बघू की!"

"परंतु मग ते डोळ्यांनी पाहिलेलं, प्रत्यक्ष झालं. अनुमान सिद्ध कुठे झालं?"

हे बाईंना पटलं. तिथेच घात झाला. त्यांनी खडू उचलला, फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. मधेच बाहेरून आवाज आला, "कुणी आहे का आत?"

"घ्या, आता तर बोलतेय!" बाई म्हणाल्या.

"परंतु बोलणारी विश्वासाची आहे, हे कळल्याशिवाय तिचा शब्द कसा धरायचा?"

पाचला पाच मिनिटं असताना सरांनी हात टेकले. "मान्य. बाहेर माणूस आहे."

बाईंनी दार उघडलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. फटीत चिठ्ठी होती.

"या विभागाला विद्यार्थी नको आहेत. कारण दार वाजवलं तरी उघडत नाहीत. ज्याला माणूस हवा असतो तो दार उघडतो, जशी माझी आजी. तिला तर ऐकूही कमी येतं. इथे ऐकू येऊनही दोघं भांडत बसलीत. म्हणून, या विभागाला विद्यार्थी नको आहेत."

दावा, कारण, दाखला, तो इथे लावणं आणि निष्कर्ष: न्यायशास्त्रातल्या अनुमानाच्या पाचही पायऱ्या जागच्या जागी होत्या. असा विद्यार्थी बाईंना तीस वर्षांत मिळाला नव्हता. त्यांना रडूच फुटलं.

"परंतु निष्कर्ष चुकलाय," सर चाचरत म्हणाले. "आपल्याला विद्यार्थी हवा होता."

"हे कशावरून?" बाईंनी विचारलं.

सरांनी खडू उचलला. तेवढ्यात पुन्हा टकटक झाली. या खेपेला वाद न घालता दोघंही धावत सुटली आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर कुलूप घेऊन शिपाई उभा होता.